मधुमेहींचे डॉक्टर : एम. विश्वनाथन

भारत स्वतंत्र झाला त्या काळी मधुमेह हा श्रीमंतांचा रोग आहे, अशी अनेकांची समजूत होती. इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडात लागला होता. परंतु मधुमेही रुग्णांसाठी वेगळी सोय आपल्या देशात जवळजवळ नव्हतीच. अशा वेळी, १९४८ मध्ये, डॉ. एम. विश्वनाथन यांनी मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

आपण खाल्लेल्या अन्नापासून शरीरात ग्लुकोज ही साखर तयार होते व रक्तात मिसळते. ती पेशींत शिरण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन आवश्यक असते. ते कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, तर साखर रक्तातच साठते. रुग्णाला वारंवार लघवी होते, तहान लागते, थकवा येतो. उपचार न झाल्यास डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय यांना इजा पोहोचते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. त्यामुळे ते रोज टोचून घ्यावे लागते. हा प्रकार बहुधा लहान वयात आढळतो. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिनचा परिणाम मंदावतो आणि हळूहळू त्याचे प्रमाणही घटते. हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. काही स्त्रियांना गर्भारपणातही मधुमेह होतो.

मात्र तरुण वयातील प्रत्येक मधुमेह पहिल्या प्रकारचा नसतो. काही कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणीच उद्भवतो, तरीही रुग्ण इन्शुलिनवाचून जगू शकतो. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भारतीय रुग्णांविषयीचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला.

१९५४ मध्ये त्यांनी रायपुरम भागात रुग्णालय स्थापन केले आणि १९७१ पासून ते केवळ मधुमेहींसाठी वाहिले. आहाराकडे त्यांचे विशेष लक्ष होते. दक्षिणेत भात हे मुख्य अन्न. ते अजिबात वर्ज्य करणे सामान्य माणसाला कठीण. म्हणून पिष्टमय पदार्थांसोबत भरपूर तंतुमय पदार्थ असलेल्या आहाराचा त्यांनी पुरस्कार केला. डाळी, कडधान्ये व भाज्या यांतून असे तंतू गरिबालाही मिळू शकतात.

१९९६ मध्ये विश्वनाथन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासचे नाव चेन्नई झाले. मधुमेह सहसा समूळ बरा होत नाही. पण वेळीच तपासणी, योग्य आहार, व्यायाम आणि नियमित औषधोपचार यांच्या बळावर मधुमेही दीर्घायुषी होऊ शकतो. हा विश्वास सामान्य रुग्णापर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.