जखमांची साक्ष ऐकणारे पंडित सुंदरलाल

दर वर्षी १७ सप्टेंबर रोजी आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली आणि पैठणसह सारा मराठवाडा मुक्त झाला. या मंगलप्रसंगी क्वचितच स्मरण होणाऱ्या एका थोर देशभक्ताची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पंडित सुंदरलाल मूळचे उत्तर प्रदेशातील खतौलीचे. तरुणपणीच ते स्वातंत्र्यचळवळीत आले व पुढे महात्मा गांधींचे अनुयायी झाले. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात जबलपूर येथे त्यांनी पुढाकार घेतला. १९२९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'भारत में अंग्रेजी राज' हा ग्रंथ इंग्रज सरकारने काही दिवसांतच जप्त केला. हिंदू-मुस्लिम ऐक्य हे त्यांचे जीवितकार्य होते.

त्याची कसोटी हैदराबाद संस्थानात लागली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे असंख्य हिंदू कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपार गेली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. त्यानंतर अनेक गावांत सूडाचा वणवा पेटला व त्यात निरपराध मुसलमान होरपळले.

पंतप्रधान नेहरूंच्या सरकारने पंडितजी, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना तेथे पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हे पथक १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. विधवांचे, अनाथांचे आणि उद्ध्वस्त कुटुंबांचे दुःख त्यांनी ऐकून घेतले. २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली होती. औरंगाबाद जिल्हाही त्यातून सुटला नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी आवर्जून केली. मात्र हा अहवाल २०१३ सालापर्यंत जनतेसमोर आला नाही. पंडितजी १९८१ सालीच निवर्तले होते.

दुःख बोलता आले नाही की ते पुढच्या पिढीत भय किंवा द्वेष होऊन उतरते. एका घरात 'रझाकार' हा शब्द, तर दुसऱ्या घरात 'पोलीस ॲक्शन' हा शब्द वर्षानुवर्षे दबक्या आवाजात उच्चारला गेला. नायजेरियातील १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धातून वाचलेल्या इग्बो बांधवांनीही, ज्यांत कॅथलिक मोठ्या संख्येने आहेत, असाच मौनाचा भार वाहिला.

पुनरुत्थित प्रभू येशूने आपल्या जखमा लपविल्या नाहीत. थोमाला त्या दाखविल्या आणि शिष्यांना शांती दिली. पैठणच्या संत एकनाथांनीही 'हिंदू-तुर्क संवाद' रचून दोन धर्मीयांना समोरासमोर बसविले व अखेरीस त्यांचा समेट घडविला. पंडितजींचे कार्य याच परंपरेतले होते. मुक्तिदिनी हुतात्म्यांना वंदन करताना आपण दोन्ही घरांतील मृतांसाठी प्रार्थना करू या, आणि त्या काळचे जे वृद्ध आज आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ क्षणभर बसून त्यांचे ऐकू या.