प्रवासी पेरणारा माणूस : इचिझो कोबायाशी

सिव्हिलवाल्यांना ट्रॅफिक फोरकास्टिंग असतं. आधी प्रवासी किती येतील ते काढायचं, मग तेवढी लाइन, तेवढे डबे. एकदम लॉजिकल! पण उत्तर जवळजवळ शून्य आलं तर? जपानच्या इचिझो कोबायाशींपुढे नेमका हाच पेपर आला होता.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८७३ चा. पहिल्या महिन्याची तीन तारीख, म्हणून जपानी लिपीत त्यांचं नावही 'एक-तीन' असंच लिहितात. आई त्याच वर्षी वारली. व्हायचं होतं कादंबरीकार, पण शिक्षण संपल्यावर चिकटले मित्सुई बँकेत. १९०७ मध्ये नव्या कंपनीत जायचं म्हणून ती नोकरी सोडली आणि तेव्हाच मंदी आली. नवी कंपनी निघालीच नाही.

मग हाती आली मिनो-आरिमा इलेक्ट्रिक रेल्वे, तीसुद्धा कागदावरची. ओसाकाच्या उमेदा स्टेशनपासून ताकाराझुकापर्यंत बहुतेक शेतंच. जवळपास निम्मे शेअर्स कुणी घेईना. कंपनी गुंडाळायच्या गोष्टी चालू होत्या. कोबायाशी त्या मार्गावरून चक्क पायी फिरले. इथे जमीन स्वस्त होती, आणि तिकडे ओसाका धुराने आणि गर्दीने भरलेलं. त्यांनी हिशोब उलटा केला. लाइनलगतची जमीन आपणच घ्यायची, घरं बांधायची, मग घर घेणारा रोज आपल्याच गाडीने ऑफिसला जाईल. कंपनी बुडाली तर भुर्दंड स्वतः सोसायची तयारी दाखवून त्यांनी कारभार हाती घेतला. (मी तर कॅन्टीनच्या उधारीलाही घाबरतो.)

१० मार्च १९१० ला गाडी सुरू झाली. त्याच वर्षी इकेदाला घरं विकायला काढली, तीही दहा वर्षांच्या हप्त्यांवर, म्हणजे पगारदार माणसालाही झेपतील अशी.

पण आपली सिटी बस कशी सकाळी लोंबकळत जाते आणि परत येताना रिकामी, तसंच इथेही होणार होतं. म्हणून लाइनच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हवं. मिनोला प्राणिसंग्रहालय काढलं, ते १९१६ मध्ये बंद पडलं. ताकाराझुकाला स्विमिंग पूल बांधला, पण पाणी इतकं गार की कुणी उतरेना! तोच पूल फळ्यांनी झाकून थिएटर केलं आणि १९१४ मध्ये मुलींच्या संगीत मंडळीचा पहिला प्रयोग लावला. सगळ्या भूमिका मुलीच करायच्या. ती ताकाराझुका मंडळी शंभर वर्षांनंतरही हाऊसफुल्ल चालते.

१९२० मध्ये कोबे लाइन आली. १९२९ मध्ये उमेदा स्टेशनवरच डिपार्टमेंट स्टोअर उघडलं, म्हणजे दुपारच्या गाड्यांनाही गिऱ्हाईक. त्याच वर्षी क्वान्सेई गाकुइन हे कॉलेज लाइनजवळच्या जागेत आलं. नोकरदार शहराकडे निघत तेव्हा विद्यार्थी उलट दिशेने. रिकाम्या जाणाऱ्या डब्यांवर विद्यार्थी बसवायचे, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

नावातल्या आरिमाला मात्र ही लाइन कधी पोचलीच नाही. पुढे कोबायाशी मंत्रीही झाले. २५ जानेवारी १९५७ ला ते गेले. राहायला शेवटपर्यंत इकेदालाच होते, आपल्याच लाइनवर.