नॉर्बर्ट वीनर

गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म १८९४ साली अमेरिकेत झाला. अवघ्या १८व्या वर्षी त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

मेंदूच्या दोन भागांतील विद्युत्-लहरी एकत्र उसळल्या, एवढ्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही. मग कारण ओळखावे कसे? १९५६ साली वीनर यांनी कसोटी मांडली. दुसऱ्या भागाच्या स्वतःच्या पूर्वनोंदींना पहिल्याच्या पूर्वनोंदी जोडल्यावर दुसऱ्याच्या पुढील लहरींचे भाकीत अधिक अचूक झाले, तर पहिल्याचा त्यावर प्रभाव मानावा. १९६९ साली अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांनी तिला व्यवहार्य रूप दिले.

मात्र दोहोंना चालवणारा तिसरा भाग नोंदीत नसेल, तर ही कसोटी फसते. १९६४ साली स्टॉकहोम येथे वीनर निवर्तले. मेंदूचे अभ्यासक आजही त्यांची कसोटी वापरतात, पण सावधपणे.