फाबिओ ताल्योनी

फाबिओ ताल्योनी (१० सप्टेंबर, १९२० – १८ जुलै, २००१) हे इटालियन यंत्र अभियंते आणि मोटारसायकलींचे अभिकल्पक होते. १९५४ पासून तीन दशकांहून अधिक काळ ते बोलोन्या येथील डुकाटी कंपनीचे प्रमुख अभियंते होते. झडपा उघडण्याबरोबरच बंद करण्याचे कामही कॅमकडूनच करवून घेणारी डेस्मोड्रोमिक रचना त्यांनी मोटारसायकलींत यशस्वी केली, तसेच ९० अंशांच्या कोनात मांडलेल्या दोन सिलिंडरांचे एंजिन डुकाटीला दिले. इटालियन क्रीडा मोटारसायकल वेगवान असते पण भरवशाची नसते, अशी समजूत जगभर आढळते. तिच्यातील खरे-खोटे निवडताना ताल्योनी यांच्या कारकिर्दीचा विचार करावाच लागतो. त्यांच्या एंजिनांच्या जुन्या गाड्या आजही विकत घेतल्या जातात आणि चालवल्या जातात.

पूर्वायुष्य

ताल्योनी यांचा जन्म इटलीच्या रोमान्या भागातील लुगो या गावाजवळ झाला. वडील मेकॅनिक असल्याने यंत्रांची ओळख त्यांना बालपणीच झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले. युद्धानंतर बोलोन्या विद्यापीठातून १९४८ मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली. काही काळ त्यांनी तांत्रिक विद्यालयात अध्यापन केले. याच सुमारास त्यांनी ७५ सीसीच्या एका छोट्या शर्यती एंजिनाचा आराखडा केला. तो चेक्कातो या कंपनीने घेतला. त्यानंतर ते मोंडियल कंपनीत गेले. मोंडियल तेव्हा १२५ सीसी गटातील अग्रगण्य नाव होते. त्या काळी इटलीत स्वस्त वाहनांना प्रचंड मागणी होती आणि ग्राहक गाडीची पारख शर्यतीतील निकालावरून करीत असत.

डुकाटीत प्रवेश

डुकाटीची स्थापना १९२६ मध्ये रेडिओचे भाग बनवण्यासाठी झाली होती. युद्धात तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्धोत्तर काळात सायकलीला जोडता येणाऱ्या कुच्चोलो या लहानशा एंजिनाने कंपनीला तारले. तिचे नियंत्रण आता सरकारकडे होते. १९५४ मध्ये व्यवस्थापक जुझेप्पे मोंतानो यांनी ताल्योनी यांना बोलावून घेतले.

त्यांची पहिली गाडी म्हणजे १९५५ची ग्रान स्पोर्ट, जिला सर्वजण मारिआन्ना म्हणत. ९८ सीसीच्या या एंजिनात माथ्यावरील कॅमशाफ्ट एका उभ्या दंडाने व शंक्वाकृती दंतचक्रांनी (बेव्हल गिअर) फिरवला जाई. त्याच वर्षी मोटोजिरो या इटलीभर सार्वजनिक रस्त्यांवरून धावणाऱ्या शर्यतीत मारिआन्नाने आपला गट जिंकला. शेकडो किलोमीटर खडबडीत रस्त्यांवर लहान एंजिन पूर्ण क्षमतेने पळवायचे, ही वेगाबरोबरच टिकाऊपणाचीही परीक्षा होती. पुढे १९५७ मध्ये मिल्ले मिल्या या मोटारशर्यतीत भीषण अपघात झाला आणि इटलीतील अशा रस्ताशर्यतींवर बंदी आली.

डेस्मोड्रोमिक रचना

सामान्य एंजिनात कॅम झडप उघडतो आणि स्प्रिंग ती बंद करते. फेरे फार वाढले की स्प्रिंगला कॅमशी जुळवून घेता येत नाही. झडप क्षणभर अधांतरी राहते आणि कधीकधी वर येणाऱ्या पिस्टनवर आदळते. १९५०च्या दशकातील स्प्रिंगांचे पोलादही आजच्याइतके चांगले नव्हते. झडप ओढून बंद करणारा स्वतंत्र कॅम व तरफ बसवणे हा यावरचा उपाय आहे. तो ताल्योनी यांचा शोध नव्हे. अशा रचना त्यांच्या आधी अनेकांनी करून पाहिल्या होत्या, आणि मर्सिडीझने १९५४च्या शर्यती मोटारीत ती वापरली होती. बहुतेकांनी खर्चिक व नाजूक म्हणून ती सोडून दिली. ताल्योनी यांनी मात्र ती टिकवली आणि पुढे सामान्य ग्राहकाच्या गाडीत आणली. त्यांचे वेगळेपण यात आहे.

१२५ सीसीच्या पहिल्या डेस्मो एंजिनाच्या माथ्यावर तीन कॅमशाफ्ट होते. १९५६ मध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे जान्नी देल्यी अंतोनी यांनी त्यावर पहिलीच शर्यत जिंकली. काही आठवड्यांतच मोंझा येथे सराव करताना देल्यी अंतोनी यांचा मृत्यू झाला आणि प्रकल्प रेंगाळला. १९५८ मध्ये मोंझाच्याच शर्यतीत १२५ सीसी गटातील पहिले पाचही क्रमांक डुकाटीने मिळवले. त्या वर्षी अल्बेर्तो गांदोस्सी जागतिक स्पर्धेत दुसरे आले. १९५९ मध्ये माइक हेलवूड यांनी आपली पहिली ग्रां प्री शर्यत याच गाडीवर जिंकली.

विक्रीच्या गाडीत डेस्मो यायला मात्र १९६८ उजाडले. तोपर्यंत ताल्योनी यांनी तीनऐवजी एकाच कॅमशाफ्टवर चार कॅम बसवून रचना सोपी केली होती. मधल्या काळात अमेरिकन आयातदार बर्लिनर यांच्या आग्रहाखातर त्यांनी १२५७ सीसीची अपोलो ही चार सिलिंडरांची प्रचंड गाडी बनवली. तिच्या सुमारे १०० अश्वशक्तीपुढे तत्कालीन टायर टिकले नाहीत आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

दोन सिलिंडरांचे एंजिन

१९७० मध्ये ताल्योनी यांनी ७५० सीसी एंजिनाचे रेखाटन हाती घेतले. पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा आणि मागचा जवळजवळ उभा अशी त्याची मांडणी होती. दोन्ही सिलिंडरांना वारा लागतो, ९० अंशांच्या कोनामुळे मुख्य कंपने एकमेकांना छेदतात आणि गाडी अरुंद राहते, हे तिचे फायदे. लांबी वाढते, हा तोटा त्यांनी पत्करला. १९७१ मध्ये ७५० जीटी बाजारात आली.

२३ एप्रिल, १९७२ रोजी इमोला येथे २०० मैलांची शर्यत झाली. काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून डुकाटीच्या गाड्या मैदानावर आल्या. कंपनीला आपला माल लपवायचा नव्हता, दाखवायचा होता. पॉल स्मार्ट पहिले आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरे आले. पराभूतांत एमव्ही अगुस्तावरील जाकोमो अगोस्तिनी होते. दोन्ही विजेत्या गाड्या विक्रीच्या ७५०वर आधारलेल्या होत्या, हे अधिक महत्त्वाचे. पुढल्याच वर्षी बार्सिलोनाच्या मोंजुईक टेकडीवरील २४ तासांची शर्यत ८६० सीसीच्या नमुना गाडीने जिंकली. १९७८ मध्ये हेलवूड यांनी ११ वर्षांच्या खंडानंतर आइल ऑफ मॅनवर पुनरागमन केले आणि ९०० सीसी डुकाटीवर विजय मिळवला.

सरकारी व्यवस्थापन आणि पडझड

शर्यतीत अशी टिकणारी एंजिने ग्राहकाच्या हाती गेल्यावर बदनाम का झाली, याचे उत्तर बऱ्याच अंशी कारखान्याच्या कारभारात आहे. बेव्हल एंजिनाची जुळणी हाताने करावी लागे. दंतचक्रांमधील अंतर पातळ चकत्या घालून जमवणे हे कुशल कारागिराचे, वेळखाऊ काम होते. व्यवस्थापनाला खर्च कमी हवा होता. जपानी गाड्या तेव्हा विजेवर सुरू होत, त्यांचे दिवे व बटणे बिनतक्रार चालत आणि रंग टिकत असे. डुकाटीची विजेची जोडणी, बटणे व रंगकाम मात्र एंजिनाच्या तोडीचे नव्हते. १९७०च्या दशकाच्या मध्यात जोर्जेत्तो जुजारो यांनी कोनदार रूप दिलेली ८६० जीटी फारशी खपली नाही. व्यवस्थापनाने ३५० व ५०० सीसीच्या समांतर दोन सिलिंडरांच्या गाड्याही काढल्या. ही मांडणी ताल्योनी यांना मुळीच पसंत नव्हती. त्या गाड्या अयशस्वी ठरल्या आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागला.

ताल्योनी यांचे उत्तर होते पँटा. तिचा नमुना १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. बेव्हल दंतचक्रांच्या जागी येथे दातेरी पट्टे (टायमिंग बेल्ट) आले. एंजिन शांत व स्वस्त झाले आणि डेस्मो कायम राहिले. ६०० सीसीच्या टीटी२ या आवृत्तीवर टोनी रटर यांनी १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षे आपल्या गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९८५ मध्ये कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवा कंपनीने डुकाटी विकत घेतली.

वापरलेल्या गाड्यांची पारख

डुकाटीची जुनी गाडी निवडताना ती ताल्योनी यांच्या एंजिनांपैकी कोणत्या पिढीची आहे, हे प्रथम पाहावे लागते. सर्वच डुकाट्या डेस्मो असतात हा गैरसमज आहे. ७५० जीटी, ७५० स्पोर्ट आणि ८६० जीटी यांच्या झडपा स्प्रिंगांनी बंद होतात. त्यांची देखभाल सोपी असते आणि रोज चालवण्यासाठी त्या अनेकदा अधिक सोयीच्या ठरतात.

सुरुवातीच्या बेव्हल एंजिनांत तेलासाठी केवळ जाळी असे. बदलता येणारी गाळणी ८६०पासून आली. क्रँकशाफ्टच्या पोकळ पिनेत तेलातील गाळ साचत जातो. तो वेळीच काढला नाही तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगला तेल मिळेनासे होते. त्याच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण एंजिन उघडावे लागते. त्यामुळे हे काम शेवटचे कधी झाले याची पावती चकचकीत टाकीपेक्षा मोलाची असते. दंतचक्रांची गुणगुण स्वाभाविक आहे. तळातून येणारी ठोक आणि काढलेल्या तेलातील धातूचे कण मात्र धोक्याची खूण होत. बेव्हल मालिकेतील अखेरच्या मिल्ले या एंजिनाला साधी बेअरिंगे व सुधारित क्रँकशाफ्ट मिळाला. जाणकार त्यालाच मालिकेतील सर्वांत टिकाऊ मानतात.

पँटा व तिच्या वंशातील गाड्यांत खरा प्रश्न पट्ट्यांचा असतो. पट्टा तुटला की झडप व पिस्टन एकमेकांवर आदळतात. पट्टे अंतरावर झिजतात तसे काळानुसारही कडक होतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलण्याची प्रथा आहे. दहा वर्षे गॅरेजमध्ये उभी असलेली, मीटरवर अगदी कमी किलोमीटर दाखवणारी गाडी यामुळेच फसवी ठरते. नियमित चालवलेली व हिशेब ठेवलेली गाडी तिच्याहून बरी. डेस्मोमध्ये प्रत्येक झडपेला उघडण्याचे आणि बंद होण्याचे असे दोन अंतर तपासावे लागतात. हे काम खर्चिक असल्याने मागील मालकाने ते टाळले असण्याचा संभव मोठा. १९९०च्या दशकातील काही गाड्यांत तरफांवरील क्रोमचा थर सुटतो, तेव्हा झडपांची तपासणी करतानाच तोही पाहिला जातो.

१९७४ची ७५० सुपरस्पोर्ट ही वेगळीच बाब आहे. इमोलाच्या विजयानंतर हिरव्या सांगाड्याच्या अशा सुमारे ४०० गाड्याच बनल्या. त्यांच्या किमती इतक्या चढल्या की साध्या गाड्यांपासून नकली प्रती तयार होऊ लागल्या. येथे एंजिनाच्या आवाजाआधी सांगाडा व एंजिन यांचे क्रमांक तपासले जातात.

अखेरची वर्षे

१९८०च्या दशकात डुकाटीची सूत्रे हळूहळू मास्सिमो बोर्दी यांच्याकडे गेली. बोर्दी यांनी विद्यार्थिदशेतच चार झडपांच्या डेस्मो रचनेवर प्रबंध लिहिला होता. ताल्योनी यांचा कल अखेरपर्यंत दोन झडपा व हवेने थंड होणाऱ्या एंजिनाकडे राहिला. साधेपणा व हलकेपणा त्यांना सोडवत नव्हता. बोर्दी यांचे पाण्याने थंड होणारे चार झडपांचे एंजिन ८५१ या गाडीत आले आणि १९९० मध्ये रेमों रोश यांनी तिच्यावर सुपरबाइक गटातील डुकाटीचे पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवले. या बाबतीत शिष्याचा निर्णय बरोबर ठरला. तरीही त्या एंजिनातील ९० अंशांचा कोन, दातेरी पट्टे आणि डेस्मो झडपा ताल्योनी यांच्याच होत्या.

निवृत्तीनंतर ते बोलोन्यात राहिले आणि ऑर्किडची लागवड करण्यात रमले. १८ जुलै, २००१ रोजी त्यांचे निधन झाले. १९९३ पासून निघालेली मॉन्स्टर आणि त्यानंतरची ८०३ सीसीची स्क्रँबलर या पँटाच्या वंशातील गाड्या होत. २०२० मध्ये डुकाटीने मल्टिस्ट्राडासाठी चार सिलिंडरांचे नवे एंजिन जाहीर केले. त्यात झडपा पुन्हा स्प्रिंगांनी बंद होतात आणि त्यांची तपासणी ६०,००० किलोमीटरनंतर करावी लागते.