इतिहासाचार्य वि. का. राजवाडे : महाराष्ट्रिकांचा देशत्याग आणि शब्दांचा पुरावा

मराठी भाषेच्या अभ्यासकांमध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल कागदपत्रे गावोगाव हिंडून मिळवली, आणि मराठीच्या व्याकरणाचा ऐतिहासिक पद्धतीने पहिला सखोल विचार केला. या घटकात त्यांचे चरित्र पाहताना आपण त्यांच्या एका तिसऱ्या उद्योगाकडे अधिक लक्ष देणार आहोत. आपली जन्मभूमी सोडून परागंदा झालेल्या एका जनसमूहाचा इतिहास राजवाड्यांनी लिहिला. तो लिहिताना त्यांच्या हाती एकही कागद नव्हता. हाती होते ते केवळ शब्द. हा समूह म्हणजे त्यांचे 'महाराष्ट्रिक'. कागदाच्या एका चिठोऱ्यासाठी दहा गावे पायी तुडवणारा संशोधक इतका मोठा इतिहास कागदाविना कसा उभा करू शकला, हा प्रश्न तुम्ही हा घटक वाचताना मनात ठेवावा.

राजवाड्यांचा जन्म 24 जून 1863 रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण पुण्यात झाले. मध्ये काही काळ मुंबईला घालवून ते पुन्हा पुण्यास आले आणि डेक्कन कॉलेजातून 1890 मध्ये बी. ए. झाले. पदवी मिळण्यास झालेला विलंब बुद्धीच्या उणिवेमुळे नव्हता. नेमलेली पुस्तके सोडून बाकी सर्व वाचण्याची त्यांची वृत्ती त्याला कारण होती. (नोकरी आणि संसार सांभाळून पदवीचा अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना यातून थोडा धीर यावा, मात्र नेमलेली पुस्तके सोडून देण्याचा सल्ला मी देणार नाही.) त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे नामांकित पंडित होते, यास्काच्या निरुक्ताचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर आजही उपयोगी पडते. तेव्हा व्युत्पत्तीचे वेड घरातच होते असे म्हणता येईल.

तारुण्यातच पत्नीचे निधन झाले. राजवाड्यांनी पुन्हा विवाह केला नाही. काही काळ शिक्षकाची नोकरी केली, तीही सोडली. 1894 मध्ये त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक काढले आणि त्यातून प्लेटोच्या 'रिपब्लिक'सारखे ग्रंथ मराठीत आणले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले संशोधन मराठीतच लिहायचे हा त्यांचा निश्चय होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. या निश्चयाची किंमतही त्यांनी मोजली. महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांना त्यांचे काम फारसे कळले नाही, आणि बाहेरून होणारी कठोर तपासणीही त्यांच्या सिद्धान्तांच्या वाट्याला पुरेशी आली नाही.

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये प्रसिद्ध झाला. पानिपतच्या युद्धापर्यंतच्या दहा-बारा वर्षांतील अस्सल पत्रव्यवहार त्यात आहे. या मालेचे पुढे एकूण 22 खंड निघाले. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर आणि फडताळांत वाळवीच्या तोंडी चाललेली दप्तरे त्यांनी कधी गोड बोलून, कधी भांडून मिळवली. अंगावर जाडाभरडा पोशाख, बरोबर स्वयंपाकाची चार भांडी आणि कागदांचे गाठोडे, असा त्यांचा प्रवास चाले. बखरी या ऐकीव माहितीवर रचलेल्या असतात, म्हणून अस्सल पत्राच्या कसोटीवर त्यांचे प्रत्येक विधान पारखून घ्यावे, हा आग्रह त्यांनी मराठी इतिहासलेखनात रुजवला. 7 जुलै 1910 रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेही याच आग्रहातून.

भाषेच्या क्षेत्रातील त्यांचे काम याच काळातले आहे. 1909 मध्ये त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी संपादित केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. ज्ञानेश्वरीतील विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश या क्रमाने कशी उतरत आली, हे त्यांनी रूपारूपाने दाखवण्याचा प्रयत्न केला. ही दृष्टी मराठीत नवी होती. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज मान्य होत नाहीत, परंतु भाषेतील कोणतेही रूप आकाशातून पडत नाही, त्याला वंशावळ असते, ही जाणीव त्यांनी दिली.

वऱ्हाडातील वाचकाला जवळचे वाटेल असे त्यांचे एक काम येथे सांगितले पाहिजे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. त्यांपैकी 'सकळ' लिपीची किल्ली राजवाड्यांनी शोधली आणि मराठीचे आद्य गद्य वाचकांसाठी खुले होण्याची वाट मोकळी झाली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्राची रचना केली. त्यानंतर थोड्याच काळात यादवांचे राज्य बुडाले, पंथीयांची पांगापांग झाली, आणि पंथाच्या परंपरेप्रमाणे 'खालशाच्या धाडीत' मूळ ग्रंथ गेला. मग ज्यांना जे पाठ होते त्यांच्याकडून ते जमवून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आज दिसतात त्याचे कारण हे आहे. येथे लक्षात घ्या, हाही एका पांगलेल्या समूहाने स्मरणातून पुन्हा उभारलेला ग्रंथ आहे. पण कोणता पाठ कोणाचा याची नोंद ठेवण्याची दक्षता त्या मंडळींनी घेतली होती.

आता महाराष्ट्रिकांकडे वळू. राजवाड्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. पाणिनीच्या व्याकरणात विंध्याच्या दक्षिणेकडील देशांची नावे जवळजवळ येत नाहीत. अश्मक हा अपवाद. त्यानंतरच्या कात्यायनाच्या वार्तिकांत मात्र पांड्य, चोल अशी दूर दक्षिणेची नावे येतात. म्हणजे या दोन वैयाकरणांच्या दरम्यानच्या काळात उत्तरेकडील लोक दक्षिणेत उतरले असले पाहिजेत. हा युक्तिवाद त्यांच्यापूर्वी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीही केला होता. भांडारकर मात्र बेतानेच पुढे गेले. राजवाडे थांबले नाहीत. दक्षिणेत उतरलेले हे लोक कोण, कोठले आणि का निघाले, हेही त्यांनी सांगितले. मगधातील महाराजिक, कुरुपांचालांतील राष्ट्रिक आणि उत्तर कुरूंकडील वैराष्ट्रिक असे तीन समूह त्यांनी कल्पिले. बौद्ध धर्माच्या उदयाने मगधात उलथापालथ झाली, वैदिक आचार पाळणाऱ्यांना तेथे राहणे कठीण झाले, म्हणून त्यांनी देशत्याग केला आणि दंडकारण्यात वसाहती केल्या, असे त्यांनी मांडले. तेथे पूर्वीपासून असलेल्या नागांशी त्यांचा संबंध आला आणि त्या मिश्रणातून मराठे व मराठी भाषा घडली. गावांची, कुळांची, नद्यांची नावे घेऊन त्यांनी या वसाहतींचा जणू नकाशाच आखला.

हे सर्व वाचताना वाचक भारावून जातो. मीही विद्यार्थिदशेत भारावलो होतो. प्रत्येक नावाला मूळ आहे, प्रत्येक गावाला आई-बाप आहेत, एक लोकसमूह दुःख गाठीला बांधून अरण्यात शिरतो आहे, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पण चित्र स्पष्ट असणे म्हणजे ते सिद्ध असणे नव्हे. टॉलकीन या इंग्रज भाषापंडितानेही आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक कल्पिले आणि त्या लोकांना स्वदेशातून हद्दपार करून त्यांचा युगायुगांचा इतिहास लिहिला. शब्दापासून लोकांपर्यंत जाण्याची वाट तीच. भेद इतकाच की टॉलकीन आपण कथा रचतो आहोत हे जाणून होता. राजवाडे आपण इतिहास लिहितो आहोत अशा निष्ठेने लिहीत होते.

महाराष्ट्रिकांमध्ये खरे किती? अशोकाच्या शिलालेखांत 'रठिक' किंवा 'राष्ट्रिक' येतात. नाणेघाट आणि कार्ले येथील लेखांत 'महारठी' ही पदवी आढळते. सिंहली 'महावंसा'त धर्मोपदेशक महारट्ठ देशात पाठवल्याचे सांगितले आहे. तेव्हा नाव खरे आहे, जुने आहे. हे लोक मगधातून निघाले, वैदिक धर्मासाठी निघाले, तीन टोळ्यांनी निघाले, याला मात्र यांपैकी एकाही लेखाचा आधार नाही. उलट महारठींच्या देणग्या कार्ल्याच्या बौद्ध लेण्यात कोरलेल्या आहेत. बौद्धांमुळे देश सोडलेल्यांच्या वंशजांनी बौद्ध भिक्षूंना दाने द्यावीत, ही गोष्ट सिद्धान्ताला पेलणारी नाही. पाणिनीच्या मौनाचेही तसेच. एखाद्या व्याकरणात नाव नाही म्हणजे तो देश ठाऊक नव्हता असे होत नाही. पाणिनीपूर्वीच्या ऐतरेय ब्राह्मणात विदर्भाच्या भीम राजाचा उल्लेख आहेच. शिवाय राजवाड्यांच्या हयातीनंतर जोर्वे, इनामगाव, दायमाबाद येथे उत्खनने झाली आणि दंडकारण्य म्हणून जे निर्जन मानले जात होते तेथे इसवी सनापूर्वी हजार वर्षांहून आधी शेती करणारी गावे होती असे दिसून आले. विदर्भातील माहुरझरी, नायकुंड येथील शिळावर्तुळेही हीच साक्ष देतात. हे लोक कोणती भाषा बोलत होते हे खापरे सांगत नाहीत, पण अरण्य रिकामे नव्हते एवढे सांगतात.

शब्दाच्या पुराव्याची मर्यादा घरच्या उदाहरणावरून पाहू. 'वऱ्हाड' म्हणजे लग्नाची मंडळी, तेव्हा रुक्मिणीच्या लग्नावरून प्रदेशाला हे नाव पडले, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त ते 'वरदातट' या शब्दापासून, म्हणजे वर्धा नदीच्या काठावरून, आल्याचे नोंदवले आहे. कोणी ते थेट विदर्भाशी जोडतात. पण ध्वनिनियमांनी 'विदर्भ'पासून 'वऱ्हाड' सरळ निघत नाही. तिन्ही कथा ऐकायला बऱ्या आहेत. किंवा अमरावतीच्या राजापेठेचे नाव घ्या. 'राजा' आणि 'पेठ' हे दोन्ही घटक शाळकरी मुलालाही कळतात. परंतु कोणता राजा, कोणत्या साली, आणि मुळात राजा होता की त्या नावाचा एखादा गृहस्थ, हे त्या शब्दाला कितीही पिळले तरी निघणार नाही. त्यासाठी सनद हवी, नकाशा हवा, महसुलाची नोंद हवी. हेच राजवाड्यांनी मराठेशाहीच्या बाबतीत आयुष्यभर सांगितले. प्राचीन काळात शिरताना मात्र त्यांनी आपली कसोटी दाराबाहेर ठेवली, असे मला वाटते.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. मूळचे कोण, उपरे कोण, कोणी कोणाला सुसंस्कृत केले, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्या काळी जातींची प्रतिष्ठा ठरत होती. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त नेमकी उलटी कथा मांडली होती: येथील बळीच्या प्रजेला बाहेरून आलेल्या आर्यभटांनी नागवले. फुलेही शब्दांचाच आधार घेतात. 'महार' हा शब्द ते 'महा-अरी' असा फोडतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही फोडही टिकत नाही. पण फुल्यांची कथा नागवल्या गेलेल्यांच्या बाजूने रचलेली आहे आणि राजवाड्यांची वसाहत करणाऱ्यांच्या बाजूने, हा फरक विसरू नये. राजवाड्यांच्या मांडणीत देशत्यागाचे दुःख येणाऱ्यांच्या वाट्याला येते. ज्यांच्या अरण्यात ते शिरले त्या नागांचे काय झाले, याबद्दल त्यांची लेखणी फारशी हळवी होत नाही. त्यांच्या जातिविषयक लेखनाने चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाज दुखावला आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1918 मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्याला उत्तर दिले. बालपणी अमरावतीत शिकलेले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी पुढे महाराष्ट्र हे नाव महार आणि रट्ट या दोन समूहांवरून लावले. तीही उपपत्ती वादग्रस्तच राहिली. मात्र महाराष्ट्राच्या नावातच येथील महारांना स्थान देणारा विद्वान ब्राह्मण समाजातून पुढे आला, याचे महत्त्व त्या काळाच्या संदर्भात मोठे आहे.

उत्तरायुष्यात राजवाडे या प्राचीन काळातच अधिक रमले. 1922 मध्ये त्यांनी जयराम पिंड्ये याचे 'राधामाधवविलासचंपू' हे शहाजीराजांसंबंधीचे काव्य आणि 1924 मध्ये 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. दोन्हींच्या प्रस्तावना मूळ ग्रंथांइतक्याच गाजल्या. महिकावतीच्या बखरीत बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात येऊन वसलेल्या कुळांची हकिकत आहे. म्हणजे तीही स्थलांतराचीच कथा. तिच्या प्रस्तावनेत राजवाडे बखरकाराच्या प्रत्येक मितीची उलटतपासणी करतात, कोणता भाग केव्हा रचला गेला ते वेगळे काढतात, आणि त्याच प्रस्तावनेत आपल्या वसाहतीच्या सिद्धान्ताला पुरेसे प्रमाण न देता पुढे जातात. एकाच लेखणीतले हे दोन स्वभाव शेजारी शेजारी पाहायचे असतील तर ही प्रस्तावना मुळातून वाचावी.

स्वभाव तापट, मते टोकाची. त्यामुळे सहकाऱ्यांशी त्यांचे पटणे अवघड होते. स्वतः स्थापन केलेल्या मंडळापासूनही ते दूर झाले. अखेरची वर्षे धुळ्यात गेली. मराठीच्या धातूंचा आणि नामांच्या व्युत्पत्तीचा कोश रचण्याचे काम ते तेथे करीत होते. हजारो शब्दांच्या चिठ्ठ्या तयार होत्या. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या चाहत्यांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांची दप्तरे तेथे जपली. धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि समग्र साहित्याचे 13 खंडही याच मंडळाने काढले.

पुढील संपर्कसत्रापूर्वी तुम्ही एक काम करावे. आपल्या तालुक्यातील पाच गावांची नावे घ्या. प्रत्येक नावाबद्दल गावात सांगितली जाणारी कथा एका रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात ते नाव सर्वांत जुन्या कोणत्या कागदात, ताम्रपटात किंवा शिलालेखात सापडते ते लिहा. दुसरा रकाना बहुधा रिकामा राहील. तो रिकामाच घेऊन या.