सुगरणीचा अभ्यासक : सालिम अली

मुंबई बंदर ओलांडून मांडव्यास उतरले, की अलिबागच्या वाटेवर किहीम हे गाव लागते. समोर समुद्र आणि मागे नारळी-पोफळीच्या वाड्या व भातखाचरे, असे हे टुमदार गाव. १९३० साली येथे एक तरुण दांपत्य राहावयास आले. गृहस्थांचे वय तेहतीस. ते जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून आले होते. पण परत येतात तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली! विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे दुसरी नोकरीही मिळेना. किहीमला राहणे स्वस्त पडेल, एवढाच विचार त्यामागे होता. हे गृहस्थ म्हणजे सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईबापांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. दहा-बारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारावयास ते भीत भीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलेच. शिवाय कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखविले. पक्ष्यांचे वेड लागले ते तेव्हापासून.

किहीमला घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सालिम अली आडोसा करून त्यामागे तासन् तास बसत व दिसेल ते टिपून ठेवीत. सुगरण हे नाव स्त्रीचे. पण घरटे विणतो तो नर! गवताच्या पात्यांनी तो अर्धे घरटे विणतो. मग मादी येऊन ते निरखून पाहते. पसंत पडले, तर ती तेथे राहते आणि नर उरलेले विणकाम पुरे करतो. एवढे झाले, की तो जवळच दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी! नापसंत घरटे मात्र अर्धेच लोंबकळत राहते. कोकणातल्या शेतकऱ्याने रोज पाहिलेल्या या पाखराचा संसार शास्त्रज्ञांना नीट ठाऊक नव्हता. या अभ्यासावरील निबंधाने सालिम अलींचे नाव झाले.

पोटाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक योजना मांडली : प्रवासाचा व तळाचा खर्च द्यावा, वेतन नको, संस्थानातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबादने ती मान्य केली. पुढे त्रावणकोर-कोचीननेही केली. मग महिनोन् महिने रानावनांत राहुट्या पडू लागल्या. पहाटे पक्ष्यांच्या मागे हिंडावे, दुपारी नमुने साफ करून पेंढा भरावा, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहावी. नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागत. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. पत्नी तहमिना विलायतेत शिकलेल्या. पण रानातील तळाची सारी व्यवस्था त्या आनंदाने पाहत.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमिनाबाई वारल्या. सालिम अली खचले, पण तळावर जाणे त्यांनी सोडले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला झाडावरचा पक्षी नावाने ओळखता येऊ लागला. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. भरतपूरचे पाणथळ रान पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून ते झटले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे मुंबईस निधन झाले.