शेठ वालचंद हिराचंद आणि देशी मोटारगाडी

आमच्या धायरीहून सिंहगड रस्त्याने शहराकडे निघाले म्हणजे मोटारगाड्यांची दाटी एवढी असते की, वेळेवर पोहोचण्याची खात्री कोणासही देता येत नाही. अशा वेळी खोळंबलेल्या बसमध्ये बसलेली आमची मुले खिडकीतून गाड्यांची नावे ओळखण्याचा खेळ खेळतात. या खेळात मुलांना जे नाव आता सापडत नाही, ते त्यांच्या आजोबांना मात्र पक्के ठाऊक असते. ते नाव प्रीमियर पद्मिनी. लोक तिला नुसती फियाट म्हणत. ही गाडी ज्या कारखान्यात तयार होई, तो उभारणाऱ्या पुरुषाचे चरित्र यंदाच्या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, धर्माने जैन. परंतु महाराष्ट्रात स्थायिक झालेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा पिढीजात धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांस मातृवियोग घडला. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. तथापि पदवी त्यांच्या हाती पडली नाही. वडिलांच्या पेढीवर बसून सुखाने जन्म काढणे त्यांस सहज शक्य होते. पण गादी आणि चोपडी यांत त्यांचे मन रमेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत शिरले होते. त्यांस कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची ताकद होती, पण अनुभव नव्हता. या दोघांनी भागी केली व बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. व्यापाऱ्याच्या मुलाने उन्हातान्हात माती-दगडांची कामे पाहत हिंडावे, हे त्या काळच्या पुष्कळांस विपरीत वाटले असेल. पुढे मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगद्यांच्या कामात त्यांच्या कंपनीचा हात लागला. पुण्याहून मुंबईस आगगाडीने जाताना डब्यात अंधार होतो, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीचे स्मरण करावे. सन १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी याच उद्योगातून पुढे आली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा वालचंदांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक आगबोट विकत घेतली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर उतरवून या नवख्या कंपनीस बुडविण्याचा यत्न केला, परंतु ती तगली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि आमच्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे माळरानावर ऊस उभा राहिला व साखरेचे कारखाने निघाले, तेही यांच्याच उद्योगाने.

आता मोटारीची हकीकत सांगतो. त्या काळी हिंदुस्थानात मोटारी धावत होत्या, पण त्या येथे घडविल्या जात नव्हत्या. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने सन १९२८ मध्ये मुंबईस कारखाना काढला होता; परंतु परदेशातून पेट्यांतून आलेले भाग जोडणे, एवढेच त्याचे काम. जोडणे आणि घडविणे यांतील भेद मुलांनी नीट ध्यानात घ्यावा. जोडणाऱ्यास पाना फिरविता आला की पुरे. घडविणाऱ्यास मात्र पोलाद, साचे, यंत्रे, मापे आणि ती मापे केसाएवढी न चुकविणारे कारागीर हवेत. हे सारे ज्या देशात तयार होते, त्या देशात शेकडो लहान धंदे आपोआप उभे राहतात. थोर इंजिनियर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हाच विचार मांडून देशी मोटार कारखान्याची योजना केली होती व वालचंद तिच्या पाठीशी उभे राहिले. बाळासाहेब खेर यांच्या मुंबईतील मंत्रिमंडळाने साहाय्याची तयारी दर्शविली. पण सन १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले आणि तो आधार गेला.

वालचंद त्याच वर्षी अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणे जमले नाही; सन १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी मात्र करार झाला. दुसरे महायुद्ध पेटले होते. सैन्यास मोटारींची गरज होती, तेव्हा हा कारखाना सरकार आनंदाने उचलून धरील, असे कोणासही वाटावे. परंतु परकी सरकारने युद्धकार्यात त्याचा उपयोग नाही असे ठरवून साहाय्य नाकारले. करार हाती, भांडवल उभे करण्याची तयारी, आणि यंत्रे आणण्यास परवानगी नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

दुसरा एखादा मनुष्य येथे थांबला असता. वालचंदांनी मात्र या प्रतीक्षेच्या वर्षांतच दोन मोठी कामे हाती घेतली. अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली या विमान-व्यवसायातील गृहस्थाची गाठ पडली. त्या ओळखीतून व म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. विशाखापट्टण येथे जहाजे बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, आणि तेथे बांधलेली ‘जलउषा’ ही बोट मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. हे दोन्ही कारखाने पुढे सरकारच्या मालकीचे झाले. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या कुंपणात गेलेले पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर असा वारंवार आला.

मोटारीचा ध्यास त्यांनी सोडला नव्हता. सन १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व मुंबईजवळ कुर्ल्यास कारखाना उभा राहिला. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, म्हणजे सन १९४७ मध्ये, तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी तीही जोडणीच होती. हळूहळू एकेक भाग येथे होऊ लागला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला. परंतु सन १९४९ मध्ये वालचंदांस पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून अंग काढले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांस पुत्र नव्हता. बंधू व पुतणे यांच्या हाती उद्योग गेले. मोटारीचा कारखाना बंधू लालचंद यांच्या शाखेकडे राहिला.

यानंतरचा भाग चरित्रनायकाच्या मृत्यूनंतरचा असला, तरी तो सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारने परदेशी गाड्यांना अटकाव केला व जे येथे घडवितील त्यांनाच वाव दिला. परकी सरकारने जे नाकारले, ते स्वकीय सरकारने दिले. फियाट गाडी घराघरांत मानाची ठरली, मुंबईच्या टॅक्सीचे तर ती रूपच झाली. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहू लागले. पण कारखाना कितीही गाड्या काढू म्हणेल तर परवाना आड येई, आणि काढलेली गाडी कशीही असली तरी ती खपे. पुढे १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची लहान गाडी आली. जुन्या मांडणीची पद्मिनी तिच्यापुढे मागे पडत गेली. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी व पुन्हा फियाटशी भागी करून पाहिली; तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस पद्मिनीची निर्मिती आटोपली. मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा पुष्कळांचे डोळे पाणावले.

याचा दोष कोणास द्यावा? कुटुंबाच्या हाती कारखाना होता म्हणून तो मागे पडला, असे म्हणणारे आहेत. आम्हांस हे सर्वस्वी पटत नाही. कुटुंबाच्या हाती असलेले उद्योग नव्या युगातही भरभराटीस आलेले आपण पाहतो. आमच्या मते मर्म निराळे आहे. रोपट्यास कुंपण हवे, हे वालचंदांनी ओळखले होते, आणि ते मागण्यात त्यांची चूक नव्हती. परंतु झाड वाढल्यावरही कुंपण राहिले, तर त्यास वाऱ्याशी झुंजण्याची सवय लागत नाही. वालचंदांच्या आयुष्यात वारा कधी पडलाच नाही. त्यांच्या मागून आलेल्यांस पुष्कळ वर्षे तो लागलाच नाही. वारशाने कारखाना देता येतो, यंत्रे देता येतात, नावही देता येते. पण नाकारले जाण्याने अंगी जो कस येतो, तो मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

धायरी-नऱ्ह्याच्या बाजूस लहान कारखान्यांतून लेथवर काम करणारे, सुटे भाग घडविणारे पुष्कळ पालक आमच्या शाळेस लाभले आहेत. ज्या शेकडो लहान धंद्यांचे स्वप्न त्या पिढीने पाहिले, ते आज त्यांच्या हातून चालले आहे. या पालकांस आमची एवढीच विनंती की, आपण सोसलेला वारा मुलांस मुळीच लागू नये असा हट्ट त्यांनी धरू नये. आणि विद्यार्थ्यांनो, एखादा अर्ज परत आला, एखादी परीक्षा फसली, तर करार खिशात घालून परवानगीची वाट पाहणाऱ्या आणि तेवढ्या अवधीत विमानांचा कारखाना उभारणाऱ्या सोलापूरच्या या पुरुषाची आठवण करा. वाट पाहण्याचा काळ रिकामा घालवू नये, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.